पाहिलेला कागद

व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला एक खोड जडते. नवा शब्द कानावर पडला, की त्याच्या अर्थाकडे त्याचे लक्ष नंतर जाते. आधी तो त्याचे सामान्यरूप कसे होते ते पाहतो. 'पैसा' या शब्दाला विभक्ती लागली, की त्याचे 'पैशाला', 'पैशाचा' होते. 'घोडा' 'घोड्याला' होतो. 'देऊळ' तर इतके बदलते, की 'देवळात' या रूपात मूळचे देऊळ शोधावे लागते. 'व्हिसा' मात्र बदलत नाही. 'व्हिशासाठी अर्ज केला' असे सहसा कोणी म्हणत नाही, 'व्हिसासाठी'च म्हणतात. म्हणजे मराठीने या शब्दाला घरात येऊ दिले, पण घरचे वळण काही लावले नाही. अर्थात 'मामा' आणि 'काका' हे शब्दही असेच न बदलता राहतात. तेव्हा व्हिसाला परका म्हणावे की फार जवळचा नातलग, हा प्रश्न उरतोच. हल्ली मराठी घरांतून त्याची जितकी चौकशी होते, तितकी सख्ख्या मामाचीही होत नसेल!

शब्द मूळचा लॅटिन. 'कार्टा व्हिसा', म्हणजे पाहिलेला कागद. दारावरच्या अधिकाऱ्याने प्रवाशाचा कागद पाहिला, त्यावर सही केली, आणि तो पुढे गेला. एवढाच त्याचा साधा अर्थ. ही रीत पश्चिमेनेच काढली असे मात्र समजू नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मुद्राध्यक्ष नावाचा एक स्वतंत्र अधिकारी आहे. त्याने एक माषक घेऊन मुद्रा द्यावी. जवळ मुद्रा असेल त्यालाच जनपदात शिरता यावे किंवा बाहेर पडता यावे. आणि देशातलाच माणूस मुद्रेवाचून सापडला, तर त्याला बारा पण दंड व्हावा, असा तिथे नियम आहे. पेशवाईतल्या कागदपत्रांत 'दस्तक' आहे, 'राहदारी' आहे. राज्य म्हटले की वेस आली, वेस म्हटली की राखणदार आला, आणि राखणदार म्हटला की त्याची खातरी पटवणे आले. याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही.

तरीही विद्येला वेशीचा धाक कधी फारसा वाटला नाही. सातव्या शतकात ह्युएन त्संग चीनमधून निघाला, तेव्हा देशाबाहेर जाण्यास सम्राटाची मनाई होती. त्याने परवानगी मागितली, ती मिळाली नाही, आणि तो गुपचूप निघाला. नालंदेला राहून तो शिकला, भारतभर हिंडला. पुलकेशीच्या राज्यातल्या आपल्या महाराष्ट्रातही तो येऊन गेला. इथली माणसे उपकाराला जागणारी आणि अपमान न विसरणारी आहेत असे त्याने लिहून ठेवले. ६४५ साली तो ६५७ ग्रंथ बरोबर घेऊन मायदेशी परतला, तेव्हा ज्या सम्राटाची आज्ञा मोडून तो गेला होता, त्यानेच त्याचे स्वागत केले. आज असा प्रवासी पहिल्या विमानतळावरच अडकेल, आणि नालंदेचे आचार्य त्याला फार तर पडद्यावर दिसतील!

हे सारे आठवण्याचे कारण म्हणजे माझा एक जुना विद्यार्थी. सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातला हा मुलगा. वडिलांची थोडी शेती आणि पिठाची गिरणी. अकरावी-बारावीला तो माझ्याकडे मराठी शिकला. पुढे इंजिनियर झाला, आणि आता संगणकाला मराठी कसे शिकवावे यावर डॉक्टरेटचे काम करतो. 'देवळात' पाहून यंत्राला 'देऊळ' कसे ओळखता येईल, 'कापसाचा'मधून 'कापूस' आणि 'पाण्यात'मधून 'पाणी' कसे वेगळे काढता येईल, हा त्याचा विषय. आपल्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. आईच्या कडेवरच ते शिकून होते. यंत्राला आई नसल्यामुळे त्याला सगळे नियम आणि सगळे अपवाद सांगावे लागतात. त्यासाठी तो दोन वर्षे दर सुट्टीत शब्दांची वही घेऊन माझ्याकडे येई, आणि आम्ही दोघे माझ्या ओट्यावर बसून एकेका शब्दावर वाद घालीत असू. "मॅडम, हे रूप तुमच्याकडे चालतं, आमच्या गावात कोणी असं म्हणत नाही," असे तो म्हणाला, की मला फार आनंद होई.

यातून एक निबंध तयार झाला. पश्चिमेकडच्या एका देशातल्या मोठ्या परिषदेने तो स्वीकारला. आपल्या मराठी विभागांत निबंध छापून येतो तो नियतकालिकात. परिषद म्हणजे हार, सत्कार, भोजन आणि जमल्यास चर्चा. संगणकशास्त्रात तसे नाही. तिथे नवे काम आधी परिषदेतच मांडतात, आणि परिषदेच्या ग्रंथात निबंध येणे यालाच मोठा मान असतो. निदान एका लेखकाने नाव नोंदवून, शुल्क भरून तो मांडला पाहिजे, अशी पुष्कळ परिषदांची अटही असते. निबंध स्वीकारल्याचे कळते परिषदेच्या दोन-तीन महिने आधी. तेवढ्यात आमंत्रणाचे पत्र, मुलाखतीची तारीख, हाताचे ठसे, कागदांचे भाषांतर, आणि मग वाट पाहणे, हे सारे बसवायचे. २०२२ सालाच्या अखेरीस मुंबई-दिल्लीला अमेरिकेच्या नव्या व्हिसाच्या मुलाखतीसाठी दोन वर्षांहून अधिक थांबावे लागेल अशी स्थिती होती. ज्याला परिषदेला जायचे, त्याने निबंध सुचण्यापूर्वीच अर्ज करून ठेवावा, असाच त्याचा अर्थ!

आमच्या मुलाला तारीख वेळेवर मिळाली. एसटीने रात्रभर प्रवास करून तो मुंबईला गेला. बरोबर आमंत्रणाचे पत्र, संस्थेचे पत्र, शिष्यवृत्तीचा दाखला, बँकेचे पुस्तक, आणि हे सर्व थोडे पडेल म्हणून वडिलांच्या जमिनीचा सातबारा, इंग्रजी भाषांतर आणि शिक्क्यासह. सातबाऱ्याचे इंग्रजी भाषांतर मी पाहिले आहे. 'जिरायत' आणि 'पोटखराबा' या शब्दांनी भाषांतरकाराचा जो अंत पाहिला होता, त्यावर एक वेगळा लेख होईल.

तीन आठवड्यांनी पारपत्र परत आले. बरोबर एक छापील पत्र होते. काम संपल्यावर अर्जदार देश सोडून परत जाईल याची आमची खातरी पटलेली नाही, अशा आशयाचे एक वाक्य त्यात होते, आणि त्यापुढे खूण. पुन्हा अर्ज करायला दिवस उरले नव्हते. अर्जाचे शुल्क परत मिळत नाही. देवाला वाहिलेली दक्षिणा मागायची नसते, तसेच ते आहे.

त्याचे वडील मला बाजारात भेटले. ते म्हणाले, "मॅडम, सातबाऱ्याव माझ्या आज्ज्याचं नाव हाय. चार पिढ्या आमी हितनं हाललो न्हाई. आन् सायब म्हनतो, पोरगं माघारी यील असं वाटत न्हाई. आता ह्याच्यापरीस मोठा कागद आनायचा कुठला?"

मी त्यांना काय सांगणार? मला त्या वेळी पैठण आठवले. आळंदीची ती चार भावंडे शुद्धिपत्र मागायला पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभी राहिली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ज्याच्यापाशी ज्ञान आहे, त्याने ज्यांच्यापाशी शिक्का आहे त्यांच्या दारात उभे राहावे, हा प्रसंग मराठी माणसाला नवा नाही. फरक इतकाच, की पैठणला निदान वाद झाला. विचारणारे समोर होते, उत्तर देणाराही समोर होता, आणि कथेत म्हटल्याप्रमाणे रेड्याच्या मुखातून वेद वदवून दाखवण्याची सोय होती. आमच्या मुलाचे कागद कोणी पाहिले, त्यातला कोणता कमी पडला, सातबारा कोणी उलटून तरी पाहिला का, हे त्याला कधीच कळणार नाही. पाहिलेला कागद या अर्थाचा शब्द, आणि तो कागद पाहिला की नाही हेच कळायला मार्ग नाही!

परिषदेच्या चालकांनी माणुसकी दाखवली. बारा मिनिटांचे भाषण ध्वनिचित्रमुद्रित करून पाठवण्याची त्याला मुभा दिली. आपल्याकडे रात्रीचे अडीच वाजले असता ते तिथल्या सभागृहात दाखवले गेले. लेखक येऊ शकला नाही, असे अध्यक्षांनी सांगितले आणि पुढच्या वक्त्याचे नाव पुकारले. आठवड्याने एका श्रोत्याचे सौजन्यपूर्ण पत्र आले. काम आवडल्याचे त्याने लिहिले होते, आणि शेवटी विचारले होते, की मराठी ही हिंदीची बोली आहे ना, मग हिंदीसाठी केलेले नियम तिला का लावू नयेत?

मला त्या गृहस्थाचा राग आला नाही. त्याने विचारले हे चांगलेच केले. पण २०११ च्या जनगणनेप्रमाणे ८ कोटी ३० लाख लोकांची ही भाषा. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण पेढे वाटले. आणि उद्याची यंत्रे कोणती भाषा कशी बोलणार हे जिथे ठरत होते, त्या दालनात तिच्या बाजूने दोन वाक्ये बोलायला कोणी नव्हते. हा मुलगा तिथे असता, तर चहाच्या पेल्यावर पाच मिनिटांत त्या गृहस्थाचा गैरसमज दूर झाला असता. कदाचित पुढच्या कामाला एक जोडीदारही मिळाला असता. साहित्यसंमेलनाला जाणारे सगळे जाणतात, की मंडपात जे होते ते वृत्तपत्रात वाचायला मिळते, आणि मंडपाबाहेर जे होते त्यासाठी जावे लागते. पडद्यावर मंडप दिसतो, मंडपाबाहेरचे काही दिसत नाही.

हे फक्त गिरणीवाल्याच्या मुलाच्याच वाट्याला येते असे नाही. पॉल डिरॅक यांना १९३३ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. १९५४ साली ते प्रिन्स्टनला वर्षभरासाठी जायला निघाले, तेव्हा १९५२ च्या नव्या कायद्याखाली अमेरिकेने त्यांना व्हिसा नाकारला. तिथल्याच शास्त्रज्ञांनी उघड निषेध केला. आणि त्याच वर्षी डिरॅक आले कुठे? तर मुंबईला, होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. ही संस्था तेव्हा अपोलो बंदरावरच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. तिथे त्यांनी व्याख्याने दिली. वॉशिंग्टनने लावलेल्या दाराचा लाभ असा अपोलो बंदराला झाला.

२००६ सालची गोष्ट तर आपल्या घरचीच. गोवर्धन मेहता हे नामांकित रसायनशास्त्रज्ञ, बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे माजी संचालक. फ्लोरिडातल्या विद्यापीठाच्या आमंत्रणावरून ते अमेरिकेला जाणार होते. चेन्नईच्या वकिलातीत त्यांच्या संशोधनाबद्दल अशी विचारपूस झाली, की जणू ते रासायनिक अस्त्रेच करीत असावेत. आणि व्हिसा मिळाला नाही. गवगवा झाल्यावर दूतावासाने खेद व्यक्त केला, व्हिसाही देऊ केला. पण मेहता गेले नाहीत. यातली गंमत, तिला गंमत म्हणायचे असेल तर, अशी की त्या वेळी ते विज्ञान संस्थांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे अध्यक्ष होते; आणि शास्त्रज्ञांना देशोदेशी मुक्तपणे जाता-येता यावे हे त्या संस्थेचे एक मूलतत्त्वच होते! नोबेलविजेत्याला आणि अध्यक्षांना निदान वर्तमानपत्रे होती. विशीतल्या संशोधकाला फक्त छापील पत्र मिळते.

मग करायचे काय? एक उपाय इतिहासाने दाखवला आहे. १९८७ पासून अमेरिकेने एचआयव्हीची लागण झालेल्या परदेशी माणसांना प्रवेशबंदी केली होती. एड्सवरची आंतरराष्ट्रीय परिषद १९९० साली सॅन फ्रान्सिस्कोला भरली, तेव्हा अनेक संस्थांनी तिच्यावर बहिष्कार घातला. ज्या रोगावर बोलायचे, तो रोग झालेल्यालाच दारात अडवायचे, हे कोणाच्याही मनाला पटण्यासारखे नव्हते. १९९२ ची परिषद बॉस्टनला व्हायची होती. चालकांनी ती ॲमस्टरडॅमला नेली. जानेवारी २०१० मध्ये ती बंदी उठली, आणि त्यानंतरच, २०१२ साली, ही परिषद पुन्हा अमेरिकेत, वॉशिंग्टनला भरली. तब्बल वीस वर्षे लागली. पण मंडप हलवला, म्हणून वेशीवरच्या माणसाला विचार करावा लागला. पुढे २०२२ साली हीच परिषद माँट्रियलला भरली, तेव्हा आफ्रिकेतल्या पुष्कळ प्रतिनिधींना कॅनडाचा व्हिसा मिळाला नाही, आणि जुने भांडण नव्याने सुरू झाले, हेही सांगितले पाहिजे.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रातही असेच घडले. 'न्यूरिप्स' ही त्या विषयातली सर्वांत मोठ्या परिषदांपैकी एक. २०१८ साली ती माँट्रियलला आणि २०१९ साली व्हँकूव्हरला भरली. दोन्ही वेळा आफ्रिकेतले अनेक संशोधक निबंध हाती घेऊन घरीच बसले, कारण व्हिसा नाही. दुसऱ्या एका मोठ्या परिषदेने, 'आयक्लिअर'ने, २०२० चे अधिवेशन इथिओपियात, आदिस अबाबाला भरवायचे ठरवले. करोनाच्या साथीमुळे ते पडद्यावरच झाले. पण चालकांनी विचार सोडला नाही, आणि २०२३ च्या मे महिन्यात ही परिषद रवांडाच्या राजधानीत, किगालीला भरली. विमानतळावर उतरल्यावर व्हिसा देण्याची रवांडाची पद्धत आहे. श्रीमंत देशांतल्या प्राध्यापकांना त्या वर्षी लांबचा प्रवास पडला असेल. दरवर्षी तो कोणाला पडतो, हे त्यांना कळले असेल तर बरेच झाले.

आता थोडे आपल्या अंगणाकडेही पाहू. आपल्याकडे 'कॉन्फरन्स व्हिसा' नावाचा वेगळा प्रकार आहे, आणि त्यासाठी आयोजकांना दिल्लीच्या मंत्रालयांची मंजुरी मिळवावी लागते. परदेशी पाहुणा बोलावायचा म्हटले, की कार्यालयात कागदांचा केवढा ढीग लागतो, हे कोणत्याही विद्यापीठातल्या माणसाला विचारावे. २०१८ च्या जुलैमध्ये 'असोसिएशन फॉर एशियन स्टडीज'ने एका भारतीय विद्यापीठाच्या सहकार्याने दिल्लीत परिषद भरवली, तेव्हा पाकिस्तानी अभ्यासकांना व्हिसा द्यायचा नाही असे आपल्या सरकारने ठरवले. त्याची कारणे दोन देशांच्या इतिहासात आहेत, हे मी जाणते. पण लाहोरच्या एखाद्या मुलाच्या हातातही तसाच कागद पडला असेल, आणि त्याच्या बापानेही आपल्या मास्तरांना तोच प्रश्न विचारला असेल, हे विसरून चालणार नाही.

राखणदाराची बाजूही ऐकली पाहिजे. परिषदेचे आमंत्रण दाखवून जाणारे आणि परत न येणारे असतातच. ज्यांत विद्या नाही, वाद नाही, फक्त शुल्क आहे, अशा बनावट परिषदांचे पेवही फुटले आहे. त्यांची आमंत्रणे माझ्यासारख्या मराठीच्या प्राध्यापिकेलाही येतात, कधी कर्करोगावर बोलण्यासाठी, तर कधी काँक्रीटवर! खिडकीमागच्या माणसापुढे काही मिनिटे असतात, आणि खऱ्याखोट्याचा निवाडा त्याला तेवढ्यात करायचा असतो. शिवाय कायदाच त्याला संशय घ्यायला सांगतो. अमेरिकेच्या कायद्यात तर उघड लिहिले आहे, की येणारा प्रत्येक जण कायमचा राहायलाच येत आहे असे आधी गृहीत धरावे, आणि तसे नाही हे अर्जदाराने सिद्ध करावे. न्यायालयात आरोपीला जी सवलत मिळते, ती पाहुण्याला मिळत नाही.

पण एवढे म्हटल्यावरही काही गोष्टी करता येण्याजोग्या उरतात, आणि त्यांना फार मोठे धैर्य लागत नाही. निबंध कोणाचा स्वीकारला, हे चालकांना ठाऊक असते. ती यादी त्यांनी यजमान देशाच्या वकिलातीला वेळेवर द्यावी, आणि वकिलातीने ती पाहावी. निबंधाचा निकाल आणि परिषद यांत तीन महिन्यांऐवजी सहा महिने ठेवावेत. ज्याला व्हिसा मिळाला नाही त्याचे परिषदेचे शुल्क परत करावे. स्थळ ठरवताना सभागृहाचे भाडे आणि हॉटेलच्या खोल्या जशा मोजतात, तशी वेशही मोजावी. आणि नकार द्यायचाच असेल, तर कोणता कागद कमी पडला ते एका ओळीत लिहावे. शेंगेनच्या अर्जाला जून २०२४ पासून ९० युरो पडतात. तेवढ्या पैशांत एक ओळ लिहून मिळायला हरकत नसावी.

तो मुलगा पुन्हा वही घेऊन येऊ लागला आहे. त्या गृहस्थाच्या प्रश्नाला त्याने चार पानांचे उत्तर लिहिले, आणि आता दोघांचा पत्रव्यवहार चालू आहे. पुढच्या परिषदेला निबंध पाठवायचा का, असे तो परवा विचारीत होता. पाठवावा असेच मी म्हटले.

राहून राहून वाटते, की त्या छापील पत्राला खरे उत्तर मराठीतच देता येईल, आणि म्हणूनच ते कोणाला कळणार नाही. आपल्याकडे घराबाहेर पडणारा माणूस कधी 'जातो' म्हणत नाही. शेजारी जायचे असो की समुद्रापार, उंबऱ्यावर चपला घालताना तो 'येतो' म्हणतो. आणि चुकून कोणी 'जातो' म्हटलेच, तर आतून कोणीतरी वडीलधारे माणूस त्याला तिथल्या तिथे थांबवते, आणि शब्द बदलायला लावते.